खालून कापलेलं पत्र

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "तुमच्या क्रीडा पानाच्या गमती लिहा की! वाचक काय काय मतं पाठवायचे, कुणाला संघात घ्या म्हणायचे, कुणाला काढा म्हणायचे. हलकंफुलकं पाहिजे." मी हो म्हणालो. गमती आहेत, नाहीत असं नाही. त्या सांगतोही. पण त्या सांगता सांगता एका पत्रापाशी मला यावंच लागणार आणि ते पत्र हलकंफुलकं नाही. संपादकांना पसंत पडलं नाही तर त्यांनी खुशाल परत पाठवावं.

मी औरंगाबादच्या एका मराठी दैनिकात क्रीडा पानाचा उपसंपादक होतो. शहराचं नाव पुढं बदललं, पण माझी सगळी नोकरी जुन्या नावात झाली, तेव्हा तेच लिहितो. ऑफिस गुलमंडीच्या मागच्या बोळात. खाली कापडाचं गोदाम, वर आम्ही. क्रीडा पान म्हणजे पेपरातलं सावत्र लेकरू. जाहिरात आली की पहिली कुऱ्हाड आमच्यावर, मंत्री आला की दुसरी. क्रिकेटच्या बातम्या एजन्सीकडून तयार यायच्या, त्यांना फक्त जागा द्यायची. माझ्या हातात जे खरं काम होतं ते कबड्डीचं.

बाहेरच्या माणसाला जरा समजावून सांगतो. त्या काळात वाळूज आणि चिकलठाण्याकडं कारखाने उभे राहत होते आणि त्यातल्या दोन-चार कारखान्यांनी कबड्डीचे संघ काढले होते. संघात घ्यायचं म्हणजे खेळाडूला कामावर घ्यायचं. सकाळी मशीनवर, दुपारनंतर मैदानावर. वर्षभर नीट खेळला की कायम. म्हणजे खेड्यातल्या पोरासाठी ती नोकरीचीच परीक्षा. दसऱ्याच्या आसपास ट्रायल व्हायच्या. जागा दोन किंवा तीन, आणि ट्रक भरून पोरं यायची. फुलंब्री, गंगापूर, पैठण, जालना, कुठून कुठून. मग पंधरा दिवसांनी यादी लागायची.

त्या पंधरा दिवसांत शहराला दुसरं काम नसायचं. कोण आत गेला, कोण बाहेर पडला, कोणत्या कंपनीनं कुणाचा चढाईवाला पळवला, यंदा करंडक कुणाचा, या सगळ्यावर ज्याला त्याला मत. ते मत पोटात राहत नाही, ते पेपरात यावं लागतं. त्यासाठी मी दर शनिवारी 'मैदानाबाहेरून' नावाचा पत्रांचा कॉलम चालवायचो. खोटं नाही सांगत, लोक पहिलं पान सोडून आधी तो वाचायचे. आमच्या वितरणवाल्यानंच मला हे सांगितलं होतं, आणि तो माणूस कुणाचं कौतुक करणाऱ्यातला नव्हता.

गुलमंडीवरचे एक कापडवाले शेठ होते. संघात कुणीही नवा आला की त्यांचं एकच मत, "बाहेरचा माल आहे, पहिल्या धुण्यात आटणार." पत्र लिहायचे नाहीत, जिना चढून स्वतः यायचे आणि धापा टाकत टाकत मला लिहून घ्यायला लावायचे. एकदा मी म्हणालो, "शेठ, हा पोरगा बाहेरचा नाही. तुमच्याच गल्लीतला आहे." शेठनी कपाळाचा घाम पुसला. म्हणाले, "मग तर बिलकुल घेऊ नका. त्याच्या बापाला मी चांगला ओळखतो."

दुसरे एक सरकारी कचेरीतले कारकून. दर आठवड्याला पत्र. मोत्यासारखं अक्षर, आठ ओळी, एक शब्द जास्ती नाही. चढाईवाल्यानं डाव्या अंगानं कधी शिरावं, साखळी कुठं मोडावी, सगळं चोख. छोटं पत्र लिहिणारा वाचक म्हणजे उपसंपादकाचा जावई. मी त्यांना मोठ्या हौसेनं एका सामन्याला घेऊन गेलो. त्यांनी पाच मिनिटं पाहिलं आणि हळूच माझ्या कानात विचारलं, "हा पुन्हा पुन्हा रेषेपाशी परत का येतो हो?" जन्मात सामना पाहिला नव्हता गड्यानं! क्रांती चौकातल्या हॉटेलात चहा पिता पिता लोक जे बोलायचे ते घरी जाऊन लिहायचा. मी कपाळाला हात लावला. आणि त्यांची पत्रं तशीच छापत राहिलो, कारण ती बसायची बरोबर जागेत.

आता ती जागेची गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथंच घडलं.

बातमी नेहमी खालून कापायची. धंद्यात शिरल्यावर पहिल्या दिवशी मला हे शिकवलं गेलं. बातमी लिहितानाच महत्त्वाचं वर घ्यायचं, बिनमहत्त्वाचं खाली टाकायचं. जागा कमी पडली तर शेवटचा परिच्छेद उडवायचा, कुणाचं काही बिघडत नाही. तो ब्रोमाइडचा जमाना होता. ऑपरेटर मजकूर टाइप करायचा, त्याच्या चकचकीत कागदावर लांब लांब पट्ट्या निघायच्या, आणि त्या आम्ही मोठ्या टेबलावर पानाच्या आखलेल्या कागदावर चिकटवायचो. पट्टी लांब झाली की हातात ब्लेड घ्यायचं आणि खालून एक रेघ मारायची. चार ओळी टेबलाखाली. मी त्यात वस्ताद होतो. दुसरे लोक डोकं खाजवत बसायचे तोवर माझं पान बसलेलं असायचं. मला त्याचा गर्व होता, लपवत नाही.

पण माणसं पत्र बातमीसारखं लिहीत नाहीत. हे मला कुणी सांगितलं नाही आणि माझ्या टाळक्यातही आलं नाही. आपल्याकडचा माणूस कामासाठी घरी आला तरी आधी तब्येत विचारतो, मग पाऊसपाण्याचं बोलतो, मग लोक काय म्हणतात ते सांगतो, आणि जाताना दारात चप्पल घालता घालता ज्यासाठी आला ते काढतो. पत्रातही तो तसाच वागतो. त्याचं स्वतःचं म्हणणं शेवटच्या चार ओळींत असतं. मी वर्षानुवर्षं तेवढंच कापत होतो. बाकीच्यांची मतं अशी किती कापली असतील देव जाणे.

ज्या पत्राचं सुरुवातीला म्हणालो ते लिहिणारे गफूरभाई, करमाडचे. जालना रस्त्यावर, बसस्टँडच्या बाजूला त्यांचं शिलाईचं दुकान होतं. शिक्षण निजामाच्या काळात उर्दूत झालेलं, मराठी मागाहून शिकलेले, त्यामुळं अक्षर मोठं आणि गोल, एकेक शब्द सुटा. सुरुवात ठरलेली, 'जनाब एडिटर साहेब, सलाम.' माणूस मी तोवर पाहिलेला नव्हता, पत्रांवरूनच ओळख. पण एवढं कळत होतं की हा क्रांती चौकातल्या चहावर बोलणारा गडी नाही. सामना असला की दुकानाला कुलूप लावून एसटीनं यायचा आणि मैदानावर बसून बघायचा.

त्या वर्षी एका मोठ्या कंपनीला उजव्या कोपऱ्यासाठी खेळाडू पाहिजे होता. कोपरा म्हणजे सातजणांच्या साखळीतला टोकाचा माणूस. चढाई करणारा आत घुसला की खाली सूर मारून त्याचा घोटा धरायचा, हे याचं काम. सगळा भार गुडघ्यांवर. ट्रायल झाल्या आणि जागेसाठी दोन नावं राहिली. त्यातलं एक करमाडच्या दत्ताचं. कंपनीचे क्रीडा अधिकारी मला स्वतः म्हणाले, "दत्ताच येणार, छापू नका अजून." मी छापलं नाही. पण खबर कुठं राहते? पत्रांचा पाऊस पडला. कुणी म्हणे घ्या, कुणी म्हणे घेऊ नका. त्यातच गफूरभाईंचं आलं. पूर्ण देतो.

'जनाब एडिटर साहेब, सलाम. आपण खुशीत असाल. इकडं पाऊसपाणी ठीक आहे. खबर अशी आहे की कंपनीच्या टीममध्ये आमच्या करमाडच्या दत्ताला घेणार. यावर लोक लई बोलायलेत. लोक म्हणतात की त्याचा उजवा गुडघा गेलेला आहे. लोक म्हणतात की गुडघा गेलेला कोपरा म्हणजे उघडं दार, कुणीबी यावं अन् जावं. खोटं कशाला बोलू, जालन्याच्या मॅचमध्ये त्याला मैदानातून उचलून आणावं लागलं होतं. उचलायला मी स्वतः हात लावला होता.

पण साहेब, ती गोष्ट दोन सालापूर्वीची. त्यानंतर पोरानं एक दिवस खाडा केला नाही. रोज सकाळी करमाड ते शेंद्रा पळत जातो अन् पळत येतो. ट्रायलच्या दिवशी मी दुकान बंद करून गेलो होतो. त्याच्या हातातून एकबी गडी सुटून गेला नाही, माझ्या डोळ्यांनी बघितलं. लोकांनी जुनी गोष्ट सोडून द्यावी. याला घेतलं तर टीमचं नशीब खुलेल अन् एका घराचंबी. ही माझी अर्जी समजावी. आपला, गफूर टेलर, करमाड.'

सकाळी मी हे पत्र पूर्ण वाचलं होतं. वाचलं नव्हतं म्हणालो असतो तर सोपं गेलं असतं, पण वाचलं होतं. लाल पेन घेऊन नेहमीसारखी साफसफाई केली. सलाम उडवला, पाऊसपाणी उडवलं, कंपनीची खबर आणि लोकांचं बोलणंही उडवलं. 'लोक म्हणतात की' हे दोनदा आलं होतं, मला तो पाल्हाळ वाटला, दोन्ही उडवले. मजकूर कंपोजला गेला. दुपारी पान लावायला घेतलं आणि वरून निरोप आला, साड्यांच्या दुकानाची जाहिरात आलीय, क्रीडा पानावर घ्या. दसऱ्याचे दिवस, अशा जाहिराती यायच्याच. कॉलमची उंची एकदम कमी झाली. माझा हात सवयीनं खाली गेला. 'पण साहेब' पासून पुढचं सगळं कापलं, खाली फक्त नाव ठेवलं.

वाचकांच्या हातात काय पडलं? 'दत्ताचा उजवा गुडघा गेलेला आहे. गुडघा गेलेला कोपरा म्हणजे उघडं दार, कुणीही यावं अन् जावं. जालन्याच्या सामन्यात त्याला मैदानातून उचलून आणावं लागलं होतं. उचलायला मी स्वतः हात लावला होता. गफूर, करमाड.' आणि वर मथळा, माझ्या हातचा, 'गुडघा गेलेला कोपरा म्हणजे उघडं दार!' उद्गारचिन्हासकट.

शनिवारी मुख्य संपादकांनी बोलावून सांगितलं, मथळा झकास आहे. क्रांती चौकात हॉटेलवाल्यानं मला चहा फुकट पाजला. आजूबाजूच्या टेबलांवर 'उघडं दार, उघडं दार' चाललं होतं आणि लोक हसत होते. मी पण हसलो. बुधवारी कंपनीची यादी आली. ती बातमी मीच लिहिली. उजव्या कोपऱ्याला दुसऱ्याच पोराचं नाव होतं. मला त्यात काही खटकलं नाही. एक नाव गेलं, दुसरं आलं, असं दर वर्षी व्हायचं.

पुढच्या आठवड्यात दुपारी एक गृहस्थ जिना चढून आले. पन्नाशीच्या पुढचे, पांढरी टोपी, गळ्यात शिंप्याची टेप तशीच राहिलेली. हातात आमचा शनिवारचा पेपर.

"आदाब. मी गफूर, करमाडवाला."

मी मोठ्या आनंदानं उठलो. "अरे वा, गफूरभाई! या या, बसा. तुमचं पत्र लई गाजलं बघा."

ते बसले नाहीत. पेपर टेबलावर ठेवला आणि कॉलमवर बोट ठेवलं. "साहेब, हे मी लिहिलं नाय."

"तुमचंच आहे की. खाली नाव आहे."

"नाव माझंच हाय. निम्मं पत्र कुठं गेलं?"

तेव्हा मला ते आठवलं. टेबल, ब्लेड, साड्यांची जाहिरात, सगळं आठवलं. मी पाणी मागवलं. त्यांनी ग्लासाला हात लावला नाही.

"पोराची नोकरी गेली साहेब," ते म्हणाले. "कंपनीच्या साहेबानं त्याला पेपर दाखवला. म्हणाला, परक्यानं लिहिलं असतं तर सोडून दिलं असतं. हा तर तुझ्या गावचा, तुझ्या दारासमोरचा माणूस सांगतोय. उचलायला हात लावला म्हणतो. कसं घेऊ तुला?"

"मी बोलतो त्यांच्याशी."

"बोला. जरूर बोला. पण मला एक सांगा, मी गावात काय बोलू? ट्रायलची चड्डी त्याला मी शिवून दिली होती. माझ्या दुकानासमोर रांगत मोठा झाला तो. आता पुढून जातो, मान वर करत नाय. त्याच्या आईनं शिवायला टाकलेलं कापड काल परत नेलं. बिनशिवलेलं. एक शब्द बोलली नाय माउली. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं."

मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "अन् पारावर कुणीतरी बोललं म्हणे, गफूरला आपलं पोरगं वर गेलेलं बघवलं नाय. 'आपलं' म्हणजे काय, ते मला समजतं साहेब. सारी उमर त्या गावाचे कपडे शिवले, आजपोवतर हा शब्द मला कुणी ऐकवला नव्हता."

मी त्यांच्यासमोरच कंपनीत फोन लावला. क्रीडा अधिकारी म्हणाले, "अहो, मला पोरगा पाहिजेच होता. पण यादी वर गेली, सह्या झाल्या. तुमच्या पेपरानंच सांगितलं ना गुडघा गेला म्हणून? आता तुम्हीच म्हणता नाही गेला. आम्ही कुठल्या दिवसाचा पेपर खरा धरायचा?" फोन ठेवला.

गफूरभाईंनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "जाऊ द्या. नोकरी तुमच्या हातात नाय. माझा कागद तर तुमच्या हातात हाय ना? मी लिहिलेला. तो द्या. गावाला दाखवतो, दत्ताला दाखवतो. बघा म्हणतो, गफूरनं काय लिहिलं होतं ते. बस, येवढंच काम हाय."

कागद माझ्या टेबलाच्या वरच्याच खणात होता. आम्ही पत्रं महिनाभर ठेवायचो. मी म्हणालो, "बसा, आलोच," आणि मुख्य संपादकांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी ऐकलं आणि चष्मा काढला. "वेडे झालात का? तो कागद म्हणजे आपल्या विरुद्धचा पुरावा. त्यावर तुमच्या लाल पेनाच्या खुणा आहेत. उद्या तो पोरगा कोर्टात गेला तर? एक खुलासा टाका आणि मिटवा."

मी बाहेर आलो. नोकरी मलाही होती, बायकापोरं मलाही होती, हे सगळं मी नंतर स्वतःला हजार वेळा सांगितलं. त्या क्षणी मात्र मी काहीच विचार केला नाही. इतकी सरळ जीभ चालली की मलाच नवल वाटलं.

"गफूरभाई, पत्र रद्दीत गेलं. आम्ही ठेवत नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. खणाकडं पाहिलं नाही, माझ्या तोंडाकडं पाहिलं. "रद्दीत," ते म्हणाले. पेपरची घडी घातली आणि जिना उतरून गेले.

शनिवारी खुलासा आला. 'पंधरवड्यापूर्वीचे एक पत्र जागेअभावी संक्षिप्त स्वरूपात प्रसिद्ध झाले. पत्रलेखकाचा कोणाची मानहानी करण्याचा हेतू नव्हता.' तीन ओळी, सगळ्यात खाली, हवामानाच्या वर. त्यात दत्ताचं नाव नाही, गफूरभाईंचं नाही, गुडघ्याचं नाही. ते वाचून करमाडात कुणाला काय कळणार होतं? उलट ज्यांनी वाचलं ते म्हणाले असतील, बघा, आता हात झटकतोय.

आणि आता आमच्या रसिकांची कमाल ऐका. त्या मोसमात कंपनीचा संघ सपाटून आपटला. कुठून? तर उजव्या कोपऱ्यातून. ज्याला घेतलं होतं त्याच्या हातातून चढाईवाले आरामात निघून जायचे. लगेच पत्रं सुरू झाली. 'करमाडच्या दत्ताला का डावललं?' 'निवड समितीला डोळे नाहीत काय?' गुलमंडीच्या शेठनी येऊन लिहून घ्यायला लावलं, "घरचा माल सोडून बाहेरचा घेतला, भोगा आता." ज्यांनी 'उघडं दार' म्हणून टेबलं बडवली होती तेच क्रांती चौकात दत्तासाठी गळा काढत होते. मी ती पत्रंही छापली. त्यातली बरीच खालून कापली. पुढच्या वर्षी कंपनीनं खेळाडूंची भरतीच बंद केली आणि दत्ताचा विषय संपला. लोकांचा संपला म्हणजे.

गफूरभाईंचं पत्र पुन्हा कधी आलं नाही. शुक्रवारी टपालाचा गठ्ठा सोडताना मी ते गोल अक्षर शोधायचो. कितीतरी वर्षं शोधत होतो.

तो कागद मी फाडला नाही. दिलाही नाही. महिन्यानंतर बाकीची पत्रं रद्दीत गेली तेव्हा तेवढा काढून घरी नेला. निवृत्त झालो, कागद घरीच. मग बायको एकदा वैतागून म्हणाली, "द्या तरी त्या माणसाला नेऊन, नाहीतर जाळा. दर दिवाळीला कपाट आवरताना तुमचं तोंड बघवत नाही." करमाडला चौकशी केली. कळलं, दुकान केव्हाच बंद झालं. शेवटी शेवटी गिऱ्हाईकच येत नव्हतं, लोक पुढच्या गावात कपडे टाकायचे. गफूरभाई जालन्याला मुलीकडं राहायला गेले. गेल्या माघात मी जालन्याची एसटी धरली.

मुलीचं घर सापडलं. गफूरभाई ओसरीत खाटेवर उन्हाला बसले होते. नव्वदीकडं झुकलेले, डोळे अधू झालेले. मी नाव सांगितलं, पेपरचं सांगितलं. त्यांनी लगेच ओळखलं. मुलीला म्हणाले, "साहबकू चाय दे बेटी." मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चाचपला, नाकाजवळ नेला आणि परत माझ्याकडं केला. "दिसत नाय मला. तुम्हीच वाचा."

मी वाचलं. सलामापासून सहीपर्यंत, पाऊसपाण्यासकट, एक शब्द न गाळता. 'लोक म्हणतात की' दोन्ही वेळेला वाचलं. ते एकेका वाक्याला मान हलवत होते. 'ही माझी अर्जी समजावी' पर्यंत आलो आणि सही वाचून कागद खाली घेतला.

"हां," ते म्हणाले. "असंच होतं."

चहा आला. मुलगी आत गेल्यावर ते म्हणाले, "तुम्ही तर म्हणला होता, रद्दीत गेलं."

"म्हणालो होतो."

"म्हणजे तुमच्या जवळच होतं."

"टेबलाच्या खणात. तुम्ही समोर उभे होतात तेव्हा." निदान एवढं तरी खरं बोललो. "गफूरभाई, मला माफ करा. हे तुमचं आहे, तुम्हाला द्यायला आलो."

मला वाटलं होतं, ते चिडतील. किंवा रडतील. किंवा जाऊ द्या म्हणतील. खरं सांगायचं तर जाऊ द्या म्हणतील या आशेवरच मी गेलो होतो. ते यातलं काहीच बोलले नाहीत. म्हणाले, "दत्ताला दाखवलं?"

"नाही."

"मग माझ्याकडं कशाला आलात? मला तर ठाऊक हाय मी काय लिहिलं. ज्याला ठाऊक नाय त्याला सोडून मलाच वाचून दाखवायलात." त्यांचा आवाज चढला नव्हता. "शेंद्र्याच्या एका कंपनीत गेटवर वॉचमन हाय तो. तुमची गाडी त्याच्या पुढूनच आली."

मी म्हणालो, "पोस्टानं पाठवतो उद्याच."

"नाय. पोस्टानं नाय. हातात द्या. अन् तो वाचून होईस्तोवर तिथंच उभं ऱ्हावा. त्याला काय बोलायचं ते बोलू द्या. मी येवढी वर्षं ऐकलं, तुम्ही एक दिवस ऐका." त्यांनी चहाचा कप माझ्याकडं सरकवला. "घ्या, थंडा होतोय."

मी हो म्हणालो. कागद परत खिशात घातला आणि संध्याकाळची एसटी धरली. शेंद्र्याला गाडी थांबली. शिफ्ट सुटलेली, कामगारांची झुंबड चढली. खिडकीतून कंपनीचं गेट दिसत होतं, गेटवर खाकीतला एक माणूस रजिस्टर घेऊन उभा होता, उजव्या पायानं अजिबात न लंगडता इकडून तिकडं जात होता. तो दत्ताच होता की दुसरा कुणी, मला सांगता येणार नाही. दत्ताला मी कधी जवळून पाहिलेलंच नाही. कंडक्टरनं घंटी मारली. मी बसून राहिलो.

आता दिवाळी आली. शेंद्रा माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. दर सोमवारी ठरवतो, या आठवड्यात जायचंच. कधी पाऊस असतो, कधी पाहुणे येतात, कधी काहीच नसतं. संपादकांनी हा लेख मागितला तेव्हा मला फार बरं वाटलं. लिहीत बसलं की कुठं जावं लागत नाही.